किल्लारीच्या भिंती व आपला शेजारधर्म



जुबिलीचा उत्सव आनंदाचा खरा; पण तो हिशेबाचाहि प्रसंग होय. मंदिर केव्हां उभें राहिलें, घंटा कोणीं दिली, हें आपण सहज सांगतों. शेजाऱ्यावर आपण किती प्रेम केलें, याची वही मात्र कोणी ठेवीत नाहीं. ही परीक्षा आपल्या मराठवाड्यावर एकदां फार कठोरपणें आली. तिचा इतिहास येथें सांगतों.

सन १९९३ च्या सप्टेंबरची ३० तारीख. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी. गणपतीचें विसर्जन करून लोक रात्रीं उशिरां निजले होते. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली, आणि लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्याकडील गांवेंच्या गांवें क्षणांत दगडमातीचे ढीग झालीं. सुमारें आठ हजार माणसें, किंबहुना त्याहून अधिक, प्राणांस मुकलीं.

त्या घरांच्या भिंती कांहीं पातळ नव्हत्या. उन्हाळ्याचा ताप आंत येऊं नये म्हणून त्या दोन फुटांहूनहि जाड बांधीत, आणि वर मातीचें जड माळवद घालीत. परंतु भिंतीचे आंतला व बाहेरचा असे दोन थर असत. मध्यें नुसती दगडमातीची भर. दोन्ही थरांस सांधणारा आरपार दगड बहुधा नसे. भूमि हलतांच थर फांकले आणि माळवद निजलेल्यांच्या अंगावर आलें.

मदतीस सर्व धर्मांचे लोक धांवले. १९६२ सालीं स्थापन झालेली आपल्या ख्रिस्तसभेची कारितास इंडिया ही संस्थाहि त्या सेवेंत उतरली. परक्यासाठीं धांवणें हें आपल्या धर्मास नवें नाहीं. तिसऱ्या शतकाच्या मध्यास आफ्रिकेंतील कार्थेज नगरांत भयंकर सांथ पसरली. नुकताच, २५० सालीं, डेशियस बादशहाच्या हुकुमानें ख्रिस्ती जनांचा छळ झाला होता. तरीहि तेथील महागुरु संत सिप्रियन यांनीं आपल्या लोकांस शिकविलें कीं, केवळ आपल्याच माणसांची शुश्रूषा करण्यांत कांहीं विशेष नाहीं, वैऱ्याचीहि करावी.

परंतु संकटांतील धांवपळ कांहीं दिवसांनीं थांबते. खरें काम पुढें असतें. किल्लारीनंतर वर्षानुवर्षें घरांची दुरुस्ती व मजबुती चालली. बाराशेंहून अधिक गांवांतील महिला मंडळांच्या बायका ‘संवाद सहाय्यक’ झाल्या. दारोदार जाऊन, सरकारी योजना समजावून, घर बळकट कसें करावें हें त्यांनीं शेजाऱ्यांस सांगितलें. या स्त्रियांचे पुतळे कोणी उभारले नाहींत. पण शेजारधर्म तो हाच. जुन्या भिंतींस भोंकें पाडून त्यांत दोन्ही थरांस धरून ठेवणारे सांधे बसविणें, हा त्या मजबुतीचाच एक भाग होता.

बंधुजनहो, संत पौलानें प्रीतीस सर्वांना एकत्र बांधणारें बंधन म्हटलें आहे, तें किल्लारीच्या भिंतीपुढें उभें राहिल्यावर नीट कळतें. धर्मग्रामाची भिंतहि जाड दिसूं शकते: मिस्सेस गर्दी, सणास थाट, नोंदवहींत नांवें पुष्कळ. पण श्रीमंत व गरीब, जुने व नवे, मंदिरांतले व मंदिराबाहेरचे यांस सांधणारा दगड नसेल, तर ती भिंत कोणत्या धक्क्यानें फांकेल हें कोणीं सांगावें?

आपलें नायगांव त्या संहाराबाहेर राहिलें. म्हणून आपण धक्क्याची वाट पाहावी काय? ऊसतोडणीस गेलेल्यांच्या घरीं मागें राहिलेलीं म्हातारीं माणसें, मजुराची वेळेवर द्यावयाची मजुरी, बांधावरून धरलेला अबोला, तहानलेल्या दाराशीं पोंचवावयाचा हंडाभर पाणी: हेच ते आरपार दगड. एकेक लहान, पण रोजचा. परमप्रसाद घेऊन मंदिराबाहेर पडतांना प्रत्येकानें असा एक दगड आज कोठें बसवावा, एवढें ठरविलें, तरी ही जुबिली सार्थकीं लागली असें समजावें.