रेडी : खाणीच्या आधीचं गाव

रेडीच्या गणपतीला येणाऱ्या भाविकांसाठी आम्ही बचत गटाच्या बायका कोकम आगळ, आमसुलं आणि काजूगर विकायला बसतो. एकदा कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, "मावशी, तुमचं गाव किती जुनं?" आमच्यातली एक चटकन म्हणाली, "खाण सुरू झाली तेव्हापासूनचं." तेव्हा आम्ही सगळ्या हसलो. पण पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाल्यावर तोच विषय निघाला. खाणीच्या आधी इथे कोणी राहतच नव्हतं का? मग शाळेतल्या गुरुजींना विचारलं, वाचनालयातली पुस्तकं उघडली, म्हाताऱ्या बायकांना बोलतं केलं. त्यातून जे हाती आलं ते आज तुम्हाला सांगतो.

रेडी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ला तालुक्याचं दक्षिण टोकाचं गाव. पलीकडे गोवा. कर्नाटकात ऐहोळे इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळातला, इ.स. ६३४ चा शिलालेख आहे. पुलकेशीचा चुलता मंगलेश याने रेवतीद्वीप जिंकल्याचं त्यात कोरलं आहे. हे रेवतीद्वीप म्हणजेच आपली रेडी, असं इतिहासाचे अभ्यासक मानतात. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वीही या जागेसाठी राजे लढत होते. का? तर इथे समुद्र होता, खाडी होती, गलबतं आत आणायला आडोसा होता.

तोच आडोसा राखायला पुढे यशवंतगड उभा राहिला. त्याचे जांभ्याचे चिरे आणि आपल्या घरांच्या भिंतीतले चिरे एकाच जातीचे. हा दगड लाल दिसतो तो त्यातल्या लोखंडामुळे. सतराव्या शतकात शेजारच्या वेंगुर्ल्यात डच व्यापाऱ्यांनी वखार घातली. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी सावंतांकडून तेरेखोल आणि रेडी घेतली. रेडी पुन्हा सावंतांकडे आली, पण १८१९ मध्ये इंग्रजांनी यशवंतगड घेतला. तेरेखोल मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलं, म्हणूनच खाडीच्या अलीकडे असूनही ते आज गोव्यात मोडतं. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड अफोन्सो आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला होता.

या सगळ्या लढायांमध्ये आम्ही बाईचं नाव शोधत होतो. एक सापडलं. १८१२ मध्ये सावंतवाडीचे फोंड सावंत वारले. मुलगा लहान होता, तेव्हा दुर्गाबाईंनी संस्थानाचा कारभार हाती घेतला. एका बाजूला इंग्रज, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरकर, अशा कात्रीत त्यांनी राज्य चालवलं. आमच्यातल्या एकीलाही हे ठाऊक नव्हतं.

लगतच्या शिरोड्याला मिठागरं. मे १९३० मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्रातून लोक आले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. मीठ आपल्या किनाऱ्याचं आणि त्यावर कर मात्र परक्या सरकारचा, हे लोकांना सहन झालं नाही.

आणि मग खाण. रेडीच्या डोंगरातलं लोहखनिज रेडीच्याच बंदरातून बाहेर जाऊ लागलं. १९७६ मध्ये खाणीच्या जागेत माती काढताना दोन हातांची मोठी गणेशमूर्ती सापडली. आज तुम्ही दर्शनाला येता तो हाच गणपती. त्या काळात खाणीवर घमेली वाहिलेली एक आजी आमच्या वाडीत आहे. ती म्हणाली, "लुगडा धुवलंय तरी पाणी तांबडाच येय." पगाराचा दिवस, ट्रकांची रांग, पावसात शेतात उतरणारा तांबडा गाळ, हे सगळं ती सांगते. खाणीच्या पैशावर तिने दोन मुलं शिकवली हेही सांगते. म्हणून आम्ही खाणीला नुसती नावं ठेवत नाही. पण आज आमच्या गटातल्या एकाही घराची चूल खाणीवर पेटत नाही. डोंगर गेला तो गेला. खोल खड्ड्यांत पाणी साचलं आहे.

हे सगळं ऐकून झाल्यावर आम्ही त्या आजीला विचारलं, "आजी, तुमची जमीन खाणीला दिली तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं?" ती म्हणाली, "माका कोण इचारतला? सही घोवाची." बैठकीत कोणी काही बोललं नाही. कारण आमच्यापैकी बहुतेकींच्या घरी आजही तसंच आहे.

बंदर होतं म्हणून राजे आले, मीठ होतं म्हणून कर आला, खनिज होतं म्हणून खाण आली. आता पांढरी वाळू आणि निळा समुद्र आहे म्हणून जमिनीला गिऱ्हाईक येतंय. दर वेळी इथलं काहीतरी बाहेर गेलं आणि ठरवणाऱ्यांत आपण नव्हतो. या वेळी तरी असायला हवं. त्यासाठी पहिलं काम म्हणजे आपल्या घरचा सातबारा काढून वाचायचा आणि त्यावर आपलं नाव आहे का ते बघायचं. नवऱ्याची तयारी असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली तलाठ्याकडे अर्ज करून बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. आमच्या गटातल्या चौघींनी अर्ज केले आहेत. एका घरात त्यावरून भांडण झालं, तेही खरं. पण सासूच सुनेच्या बाजूने उभी राहिली. ती सासू म्हणजे तीच घमेली वाहिलेली आजी.

दुसरं काम सोपं आहे. तुमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसा, तिचं बोलणं वहीत उतरवा. आम्ही गटाच्या हिशेबाच्या वहीतच मागची पानं त्यासाठी ठेवली आहेत. काजूच्या डोंगरात कोण राबत होतं, मिठागरावर कोण जात होतं, कुठल्या व्हाळाचं पाणी गोड होतं, हे शिलालेखात मिळणार नाही.

ती कॉलेजातली मुलगी पुन्हा आली तर आता आमच्याकडे उत्तर आहे. "बाय, आमचं गाव चौदाशे वर्षांपूर्वीही होतं. बस इथे, सांगतो. आणि जाताना आगळाची बाटली घेऊन जा."