सईबाईंचा मुलगा : एका किशोरवयाचे वाचन

फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातील सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर निवर्तल्या, तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. या राजपुत्राचा विचार करताना आपण बहुधा दोनच चित्रे पुढे ठेवतो : बखरीतील बेताल युवराज आणि रंगभूमीवरील शोकात्म पुत्र.

पहिल्या चित्राचा उगम पाहावा. मल्हार रामराव चिटणिसांची बखर संभाजीराजांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. आणि बखरकारांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना याच राजाने देहदंड दिला होता. वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने हे चित्र कागदपत्रांच्या आधारे तपासले. वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) या नाटकाने पितापुत्रांतील ताण घराच्या उंबऱ्याआत आणला.

आता केवळ सनावळी वाचू. १६६५ च्या पुरंदर तहात आठ वर्षांच्या मुलाच्या नावे पंचहजारी मनसब. १६६६ मध्ये आग्रा. सुटकेनंतर वडिलांपासून दूर मथुरेत मुक्काम, आणि बाहेर त्याच्याच मृत्यूची हूल. जून १६७४ मध्ये राज्याभिषेक. पुढच्या अकराच दिवसांत, आईच्या जागी असलेल्या जिजाबाईंचा मृत्यू. डिसेंबर १६७८ मध्ये, एकविसाव्या वर्षी, दिलेरखानाकडे प्रयाण. पाठोपाठ आजच्या सांगली जिल्ह्यातील भूपाळगडाचा पाडाव. आणि १६७९ च्या अखेरीस पन्हाळ्यावर परत.

येथे मोह होतो तो मानसशास्त्राचा. एरिक एरिक्सन यांनी १९५८ मध्ये तरुण ल्यूथरचे असेच वाचन केले होते. परंतु किशोरावस्थेला स्वतंत्र अभ्यासविषयाचे स्थान मिळाले ते स्टॅन्ली हॉल यांच्या १९०४ च्या ग्रंथाने. सतराव्या शतकातील राजपुत्राला बालपण आणि कारभार यांमध्ये विसाव्याची जागाच नव्हती. मातृवियोगाने सारे उलगडते असे म्हणणे सोयीचे आहे, पुराव्याचे नव्हे.

तरीही एक गोष्ट उरते. एकविसाव्या वर्षीची चूक आपण 'स्वभाव' म्हणून शिकवतो, आणि परतणे मात्र तळटीपेत टाकतो. याच तरुणाने संस्कृतात 'बुधभूषण' रचला, पुढे नऊ वर्षे राज्य राखले. आपल्यासमोर वर्गात बसणारी मुले त्याच वयाची असतात. चुकलेल्याला परतण्याची वाट असते की नाही, हे ती आपल्या शिकवण्यातूनच ऐकत असतात.