चुकार पैशाची कुळकथा

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी गोणपाटावर शिवराई नाण्यांचा ढीग असतो. विकणाऱ्याला त्यांचं काही कौतुक नसतं. गंजकी कुलपं, पितळी समया आणि ग्रामोफोनच्या तबकड्या मांडून उरलेल्या जागेत तो ढीग ओतलेला असतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अशाच एका ढिगातून मी तीन नाणी उचलली. घरी आणून नुसत्या कोमट पाण्यात भिजवली. चिंच लावली की तांबं लखलखतं आणि नाणं मात्र कामातून जातं, एवढं शहाणपण एव्हाना आलं होतं. मग भिंग लावलं. पहिल्यावर ‘श्री राजा शिव’, दुसऱ्यावर ‘श्री राजा सिव’ आणि तिसऱ्यावर चक्क ‘सीव’.

शाळेत शुद्धलेखनाचे मार्क कापून घेतलेल्या माणसाला यात पहिल्यांदा चूकच दिसते. मलाही दिसली. शिवाजी महाराजांचं नाव, तेही राजाच्या नाण्यावर, आणि तेच चुकवलं?

शिवराईचा जन्म राज्याभिषेकाच्या वेळचा, म्हणजे १६७४ सालचा मानतात. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’, भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. वजन तोळ्याच्या आसपास. सोन्याचा होन हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच उरला, पण हा तांब्याचा पैसा महाराजांच्या पश्चात, पेशवाईत आणि पेशवाई बुडाल्यावरही बाजारात फिरत राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत भाजीवाल्या तो घेत होत्या. एवढ्या दीर्घ काळात तो एकाच टांकसाळीत पडला असता तरच नवल. पेशव्यांच्या राज्यात टांकसाळ चालवण्याचा परवाना खासगी माणसाला मिळत असे. नानासाहेबांच्या काळात नागोठणे आणि रेवदंडा इथे असे परवाने दिल्याचं न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी टांकसाळींवरच्या निबंधात नोंदवलं आहे. परवानेदार सरकारात ठरलेली रक्कम भरणार, तांबं आणणार, सोनार-लोहार कामाला लावणार आणि पैसे पाडणार. दर टांकसाळीचा ठसा खोदणारा वेगळा, आणि हात तर प्रत्येकाचा निराळाच.

हा ठसा खोदणं म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. लोखंडाच्या ठोकळ्याच्या तोंडावर अक्षरं खोलगट कोरायची आणि तीही उलटी, आरशात दिसतात तशी. ‘श्री’ची वेलांटी ज्या बाजूला हवी तिच्या विरुद्ध बाजूला काढायची. एक ठसा ऐरणीत रोवलेला, त्यावर तांब्याची तापवलेली चकती, वर दुसरा ठसा हातात धरलेला, आणि हातोड्याचा घाव. घाव तिरका बसला की एक कड खोल उठते, दुसरी सपाट राहते. चकती बहुतेक वेळा ठशापेक्षा लहान असते, म्हणून अख्खा मजकूर एका नाण्यावर मिळत नाही. एकावर ‘राजा’ पुरता आणि ‘शिव’ अर्धा, दुसऱ्यावर ‘श्री’चा नुसता शेंडा. मग चार-पाच नाणी शेजारी मांडून मूळ ठसा कसा असेल ते जुळवत बसायचं. हा उद्योग ज्याला लागला त्याच्या घरी जेवणाचं टेबल कधीच मोकळं नसतं.

आणि ‘सीव’चं काय? त्या काळचा कारकून मोडी लिहायचा. मोडीत इकार एकच. ह्रस्व-दीर्घाची चूल वेगळी मांडलेली नाही. बोलण्यात ‘श’ आणि ‘स’ यांची अदलाबदल आजही गावोगाव चालते. अशा हाताने बालबोध अक्षरं कोरायला घेतली की कानाला जे ऐकू येतं ते लोखंडात उतरतं. ‘छत्रपति’ आणि ‘छत्रपती’ ही दोन्ही रूपं त्यामुळेच सापडतात. ज्या काळात शुद्ध रूप छापून भिंतीवर टांगलेलं नव्हतं, त्या काळच्या कारागिराच्या माथी चूक मारायची म्हणजे नियम नंतर करून दंड आधी वसूल करण्यासारखं आहे. रुपया हातात आला की सराफ तो कसोटीला लावी, वाजवून बघे, त्यावर बट्टा लावी. तांब्याच्या खुर्द्यासाठी एवढा वेळ कुणाकडे होता? पैसा तोळ्याच्या आसपास भरला आणि शिवराईसारखा दिसला की झालं.

नाणेसंग्राहक आज या फरकांना ‘व्हरायटी’ म्हणतात, आणि त्यांची शिस्तशीर मांडणी करायला बराच काळ जावा लागला. महेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठी टांकसाळींवरचं पुस्तक १९८९मध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने काढलं. तोवर शिवराई म्हणजे बहुतेकांच्या लेखी मोडीत घालायचं तांबं होतं. पेशवाईच्या उत्तरार्धातली ‘दुदांडी’, म्हणजे ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेली शिवराई, तर इतकी मिळते की जुन्या बाजारात ती अजूनही मूठभर उचलून देतात.

नाणं ‘चुकलं’ असं म्हणायची सोय झाली ती यंत्रामुळे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९१मध्ये मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडून घेतले ते बर्मिंगहॅमला, मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत. वाफेच्या जोरावर चालणारे दाब, सगळी नाणी एकाच मापाची गोल, एकासारखं दुसरं. एका बाजूला कंपनीचं चिन्ह, दुसरीकडे तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय. ‘छापा की काटा’ म्हणताना मला हाच तराजू डोळ्यापुढे येतो. व्युत्पत्ती म्हणून मात्र ही गोष्ट कुणी खिशात घालू नये. पुढे १८२४ ते १८२९ या काळात कॅप्टन जॉन हॉकिन्सने मुंबईच्या फोर्टात टांकसाळीची आजची इमारत उभी केली, यंत्रं आणली ती बोल्टन आणि वॉट यांचीच, आणि हातोडा मागे पडला.

यंत्राच्या टांकसाळीत एक मूळ ठसा बनतो आणि त्यावरून कामाचे ठसे दाबून काढतात. म्हणजे सगळी भावंडं एकाच तोंडवळ्याची. पण हाताने अंग पुरतं काढून घेतलं नव्हतं. सालाचा शेवटचा आकडा, टांकसाळीची खूण, एखादा ठिपका या गोष्टी कामाच्या ठशावर हाताने ठोकल्या जात. फरक उरले ते नेमके तिथेच. व्हिक्टोरिया राणीच्या १८६२च्या रुपयाची गंमत बघा. जुन्या सालाच्या रुपयावर सराफ झिजेच्या नावाखाली बट्टा लावत, म्हणून सरकारने साल बदलायचंच बंद केलं. दहा-अकरा वर्षं रुपये पडत राहिले आणि सगळ्यांवर १८६२. मुंबईच्या टांकसाळीने मात्र आपल्या हिशेबासाठी नक्षीत बारीक ठिपके वाढवत नेले. सराफाला ठिपके दिसत नव्हते, संग्राहकाला आज त्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. मेजर प्रिडमोरच्या सूचीत अशा फरकांना क्रमांक मिळाले, आणि क्रमांक मिळाला की वेड लागायला दुसरं काही लागत नाही.

पाव आण्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९११च्या नाण्यांवर पंचम जॉर्जच्या झग्यावर हत्ती होता, पण त्याची सोंड इतकी आखूड आणि पाय इतके बुटके की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांच्या भावना दुखावल्या, बोंब झाली, आणि १९१२पासून सोंड नीट लांब केलेला नवा ठसा आला. गाजला तो ‘पिग’ रुपया. पण तोच हत्ती १९११च्या तांबड्या पाव आण्यावरही आहे आणि त्याला फारसं कुणी विचारत नाही. टांकसाळीच्या दृष्टीने ही चूक नव्हतीच, नाणं अगदी ठशाबरहुकूम पडलं होतं. चुकला होता तो ठसा काढणाऱ्याचा हत्ती.

१ एप्रिल १९५७ला नवा पैसा आला, रुपयाचे शंभर झाले आणि पोरांच्या हाती संग्रह आला. सालाखाली बारीक चौकट असली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, काहीच नसलं तर कलकत्ता. नॉएडाचा गोल ठिपका पुष्कळ नंतरचा, १९८८चा. आमच्या पिढीत वाण्याकडून सुटे आणायला पाठवलेलं पोर अर्धा तास का परतत नाही, याचं कारण बऱ्याचदा हे असायचं.

माझ्याकडचं आवडतं चुकलेलं नाणं ॲल्युमिनियमचं एक चौकोनी, गोलसर कोपऱ्यांचं पाच पैशाचं. छाप्याच्या बाजूला अशोकस्तंभ नीट उठलेला. काट्याच्या बाजूला पाचचा आकडा हवा तिथे पुन्हा तोच अशोकस्तंभ, पण उलटा आणि आत खचलेला, ओल्या मातीत कुणी नाणं दाबून काढून घ्यावं तसा. याआधी पडलेलं नाणं ठशालाच चिकटून राहिलं, खाली पडलंच नाही. पुढची कोरी चकती आली आणि दाब बसला तो ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचा. हे हातोड्याच्या काळातही होत असे. एवढ्या यंत्रांनंतरही ही एक खोड काही सुटली नाही.

पण यात फसवणूकही भरपूर. दोन साधी नाणी लोहाराच्या शेगड्यात धरून आवळली की मऊ ॲल्युमिनियमवर उलटा छाप उठतो आणि पाच पैशाचे पाचशे होतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: नाणं पालथं करा. टांकसाळीत चुकलेल्या नाण्याची दुसरी बाजू टवटवीत असते, शेगड्यात चेपलेल्याची अक्षरं डोक्यावर हात ठेवून दाबल्यासारखी बसकी असतात. कमाई करायला निघालेल्यांसाठी एवढंच, की जुनी नाणी लाखात घेतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने पैसे उकळणाऱ्या टोळ्या इतक्या माजल्या, की ऑगस्ट २०२१मध्ये खुद्द बँकेला लोकांना सावध करावं लागलं.

त्या तीन शिवराईंमधली ‘सिव’वाली अजून माझ्या टेबलावर असते. मध्यंतरी दुसऱ्या एका विक्रेत्याकडे तशीच एक मिळाली. भिंगाखाली शेजारी ठेवली तर ‘रा’चा काना त्याच जागी वाकलेला, ‘व’चं पोट तसंच एका बाजूला चपटं. म्हणजे दोन्ही एकाच ठशाची. माझ्या जुन्या नाण्यावर ‘जा’च्या खालून केसाएवढी एक रेघ निघून थांबते. नव्या नाण्यावर तीच रेघ जाड होऊन ठिपके ओलांडून थेट कडेला गेली आहे. ठसा घाव खाऊन तडकत चालला होता. तेव्हा नंतर घेतलेलं नाणं नंतरच पडलेलं, एवढं पक्कं. आता मी तिसरं शोधतो आहे, ज्यावर ती रेघ अजून उठलेलीच नाही.