शिमला ऑफिस ते पाषाण

पुण्यातल्या रिक्षावाल्याला ‘शिमला ऑफिस चौक’ म्हटलं की पुढे पत्ता सांगावा लागत नाही. १९२८ मध्ये भारतीय हवामान विभागाचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं आणि ते नाव चौकाला कायमचं चिकटलं. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, पण हवामान शिकवण्याचं काम पुण्याने सोडलं नाही. पाषाणच्या प्रशिक्षण संस्थेला १९८६ मध्ये जागतिक हवामान संघटनेकडून प्रादेशिक प्रशिक्षण केंद्राचा दर्जा मिळाला.

वर्गात वातावरणाची गतिकी शिकायची, नकाशावर समदाब रेषा काढायच्या, लेखी परीक्षा द्यायची, ही रुळलेली वाट. तो पाया आजही लागतोच. पण उत्तीर्ण झालेला माणूस पहाटे तीन वाजता, धावपट्टीवर धुकं उतरत असताना काय करील, हे गुणपत्रिका सांगत नाही. म्हणून विमानसेवेसाठी अंदाज देणाऱ्यांना जागतिक संघटनेने १ डिसेंबर २०१३ पासून सक्षमतेचे निकष बंधनकारक केले. हवेवर सतत नजर ठेवणं, अंदाज बांधणं, धोक्याचा इशारा देणं, कामाचा दर्जा राखणं आणि वापरणाऱ्याला समजेल असं सांगणं, या पाचही गोष्टी करून दाखवायच्या.

खरी कसोटी लागते ती हे तपासणाऱ्याची. २६ जुलै २००५ चं उदाहरण घ्या. त्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. माझ्या मते याहून चांगली प्रश्नपत्रिका नाही. शेवट झाकून ठेवावा, त्या दिवसाच्या नोंदी तासातासाने पुढ्यात ठेवाव्यात आणि दर वेळी विचारावं: आता काय सांगाल, कोणाला सांगाल, कशावरून? कधी अंदाज नशिबानेही बरोबर येतो, आणि नीट विचार करून दिलेलाही चुकतो. गुण द्यायचे ते विचाराच्या वाटेला, नवी नोंद हाती येताच मत बदलण्याच्या तयारीला, आणि इशाऱ्यातल्या शब्दांना. ‘तुरळक ठिकाणी अतिवृष्टी’ हे वाक्य शास्त्राला पुरतं. पालिकेच्या नियंत्रण कक्षाला मात्र कुठे, किती वाजता आणि किती खात्रीने हे हवं असतं.

अशी परीक्षा घेणाऱ्याने स्वतः पावसाळ्यातल्या रात्रपाळ्या केलेल्या असाव्यात. आणि ती नोकरीच्या सुरुवातीला एकदाच घेऊन भागणार नाही. दर काही वर्षांनी पुन्हा घ्यायला हवी.