अंगठ्याची संवय

शस्त्र घडविणारा लोखंडाचा विचार करतो. परंतु वापरणाऱ्याच्या हाताची संवय हाहि त्या शस्त्राचाच एक भाग असतो. अमेरिकन सैन्याच्या इतिहासांत याचें एक बोधप्रद उदाहरण आढळतें.

जॉन ब्राउनिंग यानें रचलेलें स्वयंभरणी पिस्तूल त्या सैन्यानें १९११ सालीं स्वीकारिलें. मूठ आवळल्याविना बार न उडूं देणारी कळ त्यांत आधींच होती. पण घोडदळाचें तेवढ्यानें समाधान होईना. ज्याचा एक हात लगामांत गुंतला आहे, त्या स्वारानें सज्ज पिस्तूल एकट्या हातानें निर्धोक कसें करावें? म्हणून सांगाड्याच्या डाव्या अंगास अंगठ्यानें चालणारी कळ बसविण्यांत आली. ती वर केली म्हणजे पिस्तूल बंद. खालीं दाबली म्हणजे मोकळें. मूठ आवळतांना अंगठा सहजच खालीं उतरतो, हेंच या रचनेचें मर्म होय.

१९८५ सालीं त्याच सैन्यानें इटलीचें बेरेटा पिस्तूल पसंत केलें. त्याची कळ मागेंपुढें सरकणाऱ्या वरच्या भागावर होती. जर्मनीच्या १९२९ सालच्या वाल्थर पीपीप्रमाणें ती खालीं करतांच पिस्तूल बंद होई व त्याचा उभारलेला घोडाहि निर्धोकपणें उतरे. सोय मोठी खरी. परंतु अंगठ्याच्या त्याच हालचालीचा अर्थ उलटा झाला. जुन्या शिपायानें संवयीनें कळ खालीं दाबावी आणि ऐन प्रसंगीं पिस्तूल मुकें राहावें!

२०१७ सालीं निवडलेल्या सिग पिस्तुलांत कळ पुन्हां सांगाड्यावर आली, आणि खालीं दाबणें म्हणजे मोकळें करणें हा जुना अर्थहि परतला. दोन्ही रचना आपापल्या ठायीं समर्थनीयच. धोका आहे तो एकीची संवय घेऊन दुसरी हातीं धरण्यांत.