पायरी, रॅम्प आणि ‘जमेल तसं’: कायद्यातल्या एका शब्दाचा तीस वर्षांचा इतिहास

आजचा भाग आहे पायरीवर. हो, पायरीच. कचेरीच्या दारात असते ती, दगडाची नाहीतर सिमेंटची.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हणीचा रोख खटल्यांवर आहे, त्यात जाणाऱ्या पैशावर आणि आयुष्यावर आहे. पण जो माणूस व्हीलचेअरवर आहे, कुबड्यांवर आहे, त्याच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी होते. शहाणा असो नाहीतर वेडा, त्याला ती पायरी चढताच येत नाही. आणि कोर्ट एक वेळ टाळता येईल, पण तहसील? बँक? पोस्ट? दवाखाना? रेशन कार्डावर नाव चढवायचंय, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज द्यायचाय, सातबाऱ्यावर वारस लावायचाय, तर कुठली ना कुठली पायरी चढावीच लागते.

आपल्या आष्टीचंच घ्या. आष्टीहून नगर जवळ आणि बीड लांब. पण जिल्हा बीड, म्हणून जिल्ह्याच्या कामाला बीडला जायचं. अपंगत्वाचा दाखला वर्षानुवर्षं जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाकडूनच मिळायचा. म्हणजे बघा, चालता येत नाही हे सिद्ध करायला माणसाने आधी बीडपर्यंत जायचं! एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण लालपरीची पहिली पायरी जमिनीपासून किती उंच असते ते आपल्याला ठाऊक आहे. सवलत तिकिटात मिळाली, पायरीत नाही मिळाली.

तर आज आपण बघणार आहोत, की ही पायरी काढायचा, निदान तिच्या शेजारी रॅम्प बांधायचा कायदा आपल्याकडे कसा आला, आणि तीस वर्षं होऊनही तो तालुक्याच्या गावापर्यंत पुरता का पोचला नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पैसा कमी पडला, इच्छा कमी पडली, हे सगळं खरं. पण त्याच्याही आधी एक शब्द कमी पडला.

एकास बारा

सुरुवात गणितापासून करू. रॅम्प म्हणजे नुसता उतार नव्हे. त्याचं एक प्रमाण आहे, एकास बारा. जोतं एक फूट उंच असेल तर रॅम्प बारा फूट लांब पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जखमी सैनिक कॉलेजात शिकायला आले. इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजंट नावाचे गृहस्थ या विद्यार्थ्यांसाठीचा विभाग चालवत होते. दारं किती रुंद हवीत, उतार किती हवा, याचा त्यांनी अभ्यास केला, आणि त्यातून १९६१ साली इमारती सुगम करण्याचं अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय मानक तयार झालं. त्यात एकास बारा होतं. आज भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांतही तेच आहे.

आता हे आपल्याकडे लावून बघा. सरकारी इमारतीचं जोतं साधारण दीड फूट धरा, म्हणजे तीन पायऱ्या. दीड गुणिले बारा, अठरा फूट. एवढा लांब रॅम्प तुम्ही किती कचेऱ्यांपुढे पाहिलाय? बहुतेक ठिकाणी पाच-सहा फुटांत काम उरकलेलं असतं. त्यावरून मोटारसायकल मस्त चढते. व्हीलचेअर मात्र मागून दोघांनी धरल्याशिवाय चढत नाही, आणि उतरताना तर ती घसरगुंडीच असते. बिलात मात्र रॅम्पच लागतो.

कोल्हापूर, वॉशिंग्टन, दिल्ली

महाराष्ट्रात हा विषय सरकारने आधी उचलला असं नाही. ज्यांना पायरी अडवत होती त्यांनीच तो उचलला. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक, लोक त्यांना नसीमादीदी म्हणतात, ऐन उमेदीच्या वयात कमरेखाली लुळ्या पडल्या. १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. पुढे संस्थेने मुलांसाठी वसतिगृह आणि शाळा काढली. त्यांचं आत्मकथन ‘चाकाची खुर्ची’ अनेकांनी वाचलं असेल. त्यातून एक गोष्ट कळते. इमारत नीट बांधली तर त्याच माणसाला उचलून न्यावं लागत नाही. माणूस तोच असतो, इमारत बदललेली असते.

अमेरिकेत १२ मार्च १९९० रोजी साठेक आंदोलकांनी आपल्या व्हीलचेअर आणि कुबड्या बाजूला ठेवल्या आणि संसदेच्या, म्हणजे कॅपिटॉलच्या पायऱ्या हातांवर सरपटत चढले. त्यात लहान मुलंही होती. त्याच वर्षी २६ जुलैला तिथला अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला.

भारतात जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत असाच रेटा लावला आणि डिसेंबर १९९५मध्ये संसदेने पहिला अपंग व्यक्ती कायदा मंजूर केला. ७ फेब्रुवारी १९९६पासून तो लागू झाला. सरकारी नोकरीत ३ टक्के आरक्षण आलं. रॅम्पबद्दलही कलम आलं. कलम ४४ वाहतुकीसाठी, ४५ रस्त्यांसाठी, ४६ इमारतींसाठी.

पण या तिन्ही कलमांत एक शेपूट होतं. सरकारने हे सगळं आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत राहून करायचं. मराठीत सांगायचं तर, जमेल तसं.

मस्ट आणि शुड

इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. मी सॉफ्टवेअर लिहितो. इंटरनेट चालवणारे जे नियम आहेत, ते लिहिताना कुठला शब्द कधी वापरायचा याचा एक छोटा दस्तऐवज आहे, आरएफसी २११९, मार्च १९९७चा. त्यात ‘मस्ट’ म्हणजे करायलाच पाहिजे, त्याला सूट नाही. ‘शुड’ म्हणजे केलेलं बरं, सबळ कारण असेल तर सोडता येतं. आता डेडलाइन डोक्यावर असली की कुठल्याही टीममध्ये ‘शुड’चं काय होतं ते मी सांगायला नको. ते पुढच्या रिलीजला जातं. पुढच्या रिलीजला, त्याच्या पुढच्या.

१९९५चा रॅम्प हा ‘शुड’ होता. निधी आला की बघू.

याला उलटा पुरावाही आहे बरं का. खेड्यात गेलात तर रॅम्प हमखास कुठे दिसतो? जिल्हा परिषदेच्या शाळेत. का? कारण तिथे कुणीतरी ‘मस्ट’ लिहिलं. २००४च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी अपंगांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि मतदान केंद्रांवर रॅम्प द्यायचा आदेश झाला. आणि आपल्याकडे मतदान केंद्र म्हणजे बहुतेक वेळा शाळाच. मग २००९चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या परिशिष्टात शाळेची इमारत कशी असावी हे दिलंय, आणि तिथे अडथळाविरहित प्रवेश ही अट आहे. शिक्षकांची संख्या, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, त्याच यादीत. म्हणून शाळेला रॅम्प मिळाला. देश तोच, गरिबी तीच, बांधणारा ठेकेदारही कदाचित तोच. फरक शब्दाचा.

यादीत नसलेलं गाव

३ डिसेंबर २०१५ला केंद्राने सुगम्य भारत अभियान सुरू केलं. त्याचं लक्ष्य काय होतं? आधी ५० शहरांतल्या प्रत्येकी २५ ते ५० महत्त्वाच्या सरकारी इमारती. मग राज्यांच्या राजधान्यांतल्या निम्म्या. मग प्रत्येक राज्यातल्या दहा महत्त्वाच्या शहरांतल्या निम्म्या. आता या चाळणीत आष्टी कुठे बसते? नगरपंचायतीचं गाव ना राजधानी, ना पहिल्या दहात. ज्याला सगळ्यात लांब जावं लागतं त्याचा नंबर सगळ्यात शेवटी, किंबहुना नंबरच नाही.

पण पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१६मध्ये, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार ७ होते ते २१ झाले, आरक्षण ४ टक्के झालं. आणि ते शेपूट गेलं. कलम ४४ म्हणतं, नवी इमारत सुगम नसेल तर परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कलम ४५ म्हणतं, जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुधारा. नियम आले १५ जून २०१७ला. म्हणजे मुदत जून २०२२. कलम ८९ प्रमाणे कायदा मोडला तर पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख.

आता आष्टीच्या दोन तारखा बाजूला ठेवून बघा. नगर-बीड-परळी रेल्वेमार्ग १९९५-९६च्या अर्थसंकल्पातला. म्हणजे आपली रेल्वे आणि देशाचा पहिला अपंग कायदा एकाच वयाचे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर-आष्टी मार्गावर पहिली गाडी धावली. सत्तावीस वर्षं लागली. जून २०२२ची मुदत उलटून तेव्हा तीन महिने झाले होते. रेल्वेसाठी आपल्या भागाने किती आंदोलनं केली, किती निवेदनं दिली, ते सगळ्यांना माहिती आहे. रॅम्पच्या मुदतीसाठी कुणी मोर्चा काढलेला तुम्हाला आठवतो का? मलाही आठवत नाही. रेल्वे सगळ्यांची होती, रॅम्प ‘त्यांचा’ होता. आणि खरं तर तो म्हाताऱ्यांचा, बाळंतिणीचा, उसाच्या फडात पाय मोडून घेतलेल्या माणसाचाही आहे.

३ डिसेंबर २०२२ला राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालय जाहीर केलं. आणि साधारण दहा महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३मध्ये, खुद्द मुंबईत काय झालं? विराली मोदी या दिव्यांग हक्क कार्यकर्त्या खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात स्वतःच्या लग्नाला गेल्या. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि अधिकारी खाली यायला तयार नाहीत. नवरीला दोन जिने उचलून न्यावं लागलं. त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली. मुंबई त्या ५० शहरांत होती, तिथे ही गत.

शब्द परत सापडला

मग अडलं कुठे? कायद्यात तर ‘मस्ट’ आला होता. उत्तर मिळालं ८ नोव्हेंबर २०२४ला. राजीव रतुरी हे दृष्टिहीन कार्यकर्ते २००५पासून सर्वोच्च न्यायालयात लढत होते. त्यांच्या प्रकरणात सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने नेमकं बोट ठेवलं. कायदा म्हणतो सक्तीचे नियम करा, आणि २०१७च्या नियमांतला नियम १५ नुसत्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो. दारातून बाहेर काढलेला ‘शुड’ नियमांच्या खिडकीतून परत आत आला होता! न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. सूचना असू द्या, पण त्याखाली एक सक्तीची किमान पातळी हवी, ती केंद्राने तीन महिन्यांत ठरवावी, असा आदेश दिला.

आणि ३० एप्रिल २०२५च्या आणखी एका निकालात हाच विचार डिजिटल सेवांपर्यंत गेला. त्या प्रकरणात अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन लोकांचं गाऱ्हाणं होतं, की बँकेच्या केवायसीत डोळ्यांची उघडझाप करा म्हणतात, सेल्फी चौकटीत बसवा म्हणतात, ते आम्ही कसं करायचं? न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आजची पायरी सिमेंटचीच असते असं नाही. ती कॅप्चाची असते, ओटीपीची असते. आणि ती बांधणारे आमच्यासारखे लोक असतात.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. खिशात टेप घ्या. आपल्या गावातली एखादी सरकारी कचेरी, बँक किंवा स्टेशन गाठा. जोत्याची उंची मोजा, बाराने गुणा आणि रॅम्पची लांबी त्याच्याशी ताडून बघा. कठडा आहे का, वर कुलूप लावलेला दरवाजा तर नाही ना, रॅम्पच्या तोंडाशी मोटारसायकली लावल्यात का, तेही बघा. कमी भरलं तर फोटो आणि आकडे लावून अर्ज द्या. ग्रामपंचायत आणि नगरपंचायत यांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्याचाही हिशेब मागा. अर्जात ‘कृपया शक्य असल्यास’ असं लिहू नका. कलम ४५ लिहा.