निऱ्या आणि सुरकुत्या

आमच्या अहमदपूरच्या घरात कर्नाटकातल्या भालकीची सून आली, त्या वर्षीची गोष्ट. काकू इरकल नेसत होती. अंगठा आणि करंगळी ताणून एकेक निरी घ्यायची, सगळ्या मुठीत धरून एकदा झटकायच्या. सून पायाशी बसून काठ जुळवत होती. ‘‘निरिगे सरळ आल्या बघा, आत्याबाई,’’ ती म्हणाली आणि मी पेपर खाली ठेवला.

निऱ्यांना कन्नडात निरिगे किंवा नेरिगे म्हणतात. निरी संस्कृत ‘नीवी’शी जोडायचा मोह होतो खरा, पण नीवी म्हणजे कमरेची गाठ, आणि व चा र व्हायचं कारण सापडत नाही. निरिगेशी मात्र शब्द जुळतो, अर्थही जुळतो. शिवाय लुगडं कुठलं? बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचं! कापडाबरोबर ते नेसायचा शब्दही आला, असं मला वाटतं. अहमदपूर तर 1956 पर्यंत भालकीच्याच बिदर जिल्ह्यात होतं.

सुरकुतीही तिकडचीच दिसते. जुन्या कन्नडातला ‘सुर्कु’, आजचा ‘सुक्कु’. तमिळमध्ये सुरकुतीला ‘सुरुक्कम’, आणि नाडी ओढली की तोंड आवळणाऱ्या चंचीला ‘सुरुक्कुप्पै’. मुळात अर्थ आकसण्याचा. आजीच्या चंचीचं तोंड आणि दात पडल्यावरचं आजीचं तोंड आठवलं की व्युत्पत्ती वेगळी पटवावी लागत नाही. कन्नडात कपाळावरही नेरिगेच पडतात. आपण मात्र वाटण्या केल्या: मुद्दाम घातली ती निरी, आपोआप पडली ती सुरकुती, आणि कपाळावर चढली ती आठी.

चुणी उत्तरेची. संस्कृत ‘चि’ म्हणजे वेचणं, रचणं, प्राकृतात चिणइ, चुणइ, हिंदीत चुनना. फुलं वेचणं, भिंतीत विटा रचणं, कापडाला चुण्या पाडणं, सगळं त्यातच. चुनावही त्यातलाच आणि रचलेली चिताही. पुढाऱ्याच्या धोतराची चुणी, त्याचा चुनाव आणि त्याची चिता एकाच धातूची लेकरं आहेत, हे कुणा उमेदवाराला सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

काकूला मात्र सगळं सांगितलं. तिनं निऱ्या खोचल्या आणि म्हणाली, ‘‘कन्नड असू दे न्हाईतर मराठी. आधी काठावरचा पाय काढ.’’